अडुसष्ट नंबरचं पातळ तेल

मी आयुष्यभर वंगण शिकवलं. वापरलं मात्र कधी नाही. यात हसण्यासारखं काय आहे, असं निवृत्तीच्या आधी मी कुणालाही दरडावून विचारलं असतं. हल्ली विचारत नाही.

एका तालुक्याच्या गावी आयटीआयमध्ये मी मशिनिस्टचा वर्ग घेत होतो. पोरं सर म्हणायची, आणि आमच्या नगर जिल्ह्यात एकदा सर झालेला माणूस स्मशानात पोचेपर्यंत सरच राहतो. आमच्या वर्कशॉपमध्ये एक मिलिंग मशीन होती. लोखंडाला खाचा पाडायची, दाते कापायची मशीन. दरवर्षी खंडेनवमीला मी तिला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं, तिच्यापुढं नारळ फोडला. चालवली मात्र क्वचितच. बिघडली तर वर लेखी उत्तर द्यावं लागायचं, आणि बंद मशीन कधी बिघडत नाही. तिच्या गिअरबॉक्समधलं तेल कुणी भरलं, कधी भरलं, देवाला ठाऊक. आम्ही तिला बाहेरून पुसायचो, एवढंच.

फळ्यावर मात्र मी वाघ होतो. वंगणाचे सहा फायदे पोरांकडून घोकून घ्यायचो. आणि शेवटी टेबलावर डस्टर आपटून सांगायचो, "गिअरबॉक्सला जाड तेल! नव्वद नंबर! झोपेत विचारलं तरी हेच उत्तर आलं पाहिजे!" हे ज्ञान मी मिळवलं कुठून, तर घरच्या ट्रॅक्टरवरून. ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला नव्वद नंबर लागतं हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. गिअरबॉक्स तो गिअरबॉक्स, मग मिलिंगचा काय आभाळातून पडलाय? पुस्तकात वेगळं काही लिहिलंय का, हे बघायची मला कधी गरज वाटली नाही. पुस्तक कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली साहेबांकडं होती.

एका वर्षी चाचणीत एका पोरानं लिहिलं, "मिलिंग मशीनच्या गिअरबॉक्सला अडुसष्ट नंबरचं पातळ तेल घालतात." मी त्याला भोपळा दिला. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण जीभ उचलली की टाळ्याला लावायची, हा आमचा जुना रोग. मी तो पेपर भर वर्गात वाचून दाखवला आणि म्हणालो, "अरे, हे तेल आहे का पाहुणे आल्यावर पाणी घालून वाढवलेली आमटी?" वर्ग हसून हसून लोळला. मग काय, शिक्षकाला एकदा हशा मिळाला की तो विनोद पुढच्या बारा बॅचेसना पुरवून पुरवून वाढतो. मीही तो वाढला. आमटी म्हणताना हातानं पळी ढवळायची नक्कल सुद्धा करायचो. त्या पोराचं पुढं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही.

निवृत्त झालो तेव्हा एका बंद पडणाऱ्या कारखान्यातली जुनी मिलिंग मशीन मी विकत घेतली. नगरच्या बाहेर आमचं घर आहे, मागं पत्र्याची शेड आहे. क्रेननं मशीन उतरवली तेव्हा अर्धी कॉलनी बघायला जमली होती. बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अहो, लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात. तुम्ही घरात लोखंड आणलं."

"तुला नाही कळायचं," मी म्हणालो.

"नाही कळायचं. स्कूटर आता कुठं लावणार, तेवढं सांगा."

मी तिकडं दुर्लक्ष केलं आणि माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहीर केलं, की येत्या खंडेनवमीला सर स्वतःच्या घरी, स्वतःच्या हातानं मिलिंग मशीन सुरू करणार आहेत, सर्वांनी प्रसादाला यावं. अंगठे आले, हात जोडलेले आले, फुलं आली. "सर, तुम्हीच आमचे विश्वकर्मा" असंही एकानं लिहिलं. मी ते बायकोला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती वाटाणे सोलत होती, तिनं मान वर केली नाही.

गिअरबॉक्स कोरडा होता. कारखानेवाल्यांनी मशीन विकताना आतलं तेलसुद्धा काढून घेतलं होतं. तेल भरायच्या झाकणाशेजारी एक पितळी पाटी होती, तिच्यावर रंगाचे थर बसलेले. मी लोखंडी पट्टीनं रंग खरवडला. पाटीवर आकडा उमटला, अडुसष्ट. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. अडुसष्टच.

वीस-पंचवीस वर्षं पोरांना छातीठोक सांगितलं ते एका पाटीनं पुसलं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. पाटी माझ्या शेडमध्ये होती आणि वाचणारा मी एकटा होतो. गुपचूप अडुसष्ट आणायचं, भरायचं, पाटीवर परत रंग मारायचा. कोण विचारतंय?

नगरात ऑइलचं मोठं दुकान आहे ते माझ्याच एका विद्यार्थ्याचं. मला बघून तो गल्ल्यावरून उठला, वाकून पाया पडला, चहा मागवला. दुकानातल्या बाकावर चार-पाच गिऱ्हाईकं बसलेली. मी घसा साफ करत म्हणालो, "मिलिंगसाठी तेल हवं होतं. ते आपलं…"

"सांगायचं काम नाही सर! तुमचा मेसेज वाचला तेव्हाच नव्वदचा डबा बाजूला काढून ठेवलाय." आणि बाकाकडं वळून म्हणाला, "आमचे सर काय म्हणायचे माहितीये? एका येड्यानं पेपरात लिहिलं, मिलिंगला पातळ तेल. सर म्हणाले, अरे हे तेल आहे का…" आणि त्यानं हातानं पळी ढवळली. अगदी माझ्यासारखी. बाक हसला. चहावाला हसला. मीही हसलो, करता काय?

अडुसष्टचं नाव न काढता मी नव्वदचा डबा काखोटीला मारून घरी आलो.

तेल ओतलं. मधासारखं जाडजूड, आणि वास असा, की बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "कांदा सडलाय का हो कुठं?" मशीन चालू केली. आधी ती कण्हली, मग गुरगुरली. मशीनच्या वरच्या अंगाला एक गोल काच असते. आतला पंप तेल वर चढवतो, ते त्या काचेत ठिबकताना दिसलं म्हणजे सगळं ठीक. माझ्या काचेत काहीच दिसेना. मी टॉर्च मारला, टिचक्या मारल्या. पाच मिनिटांत झाकण तव्यासारखं तापलं आणि मोटर ट्रिप झाली.

मी दोष दिला तो लाईटवाल्यांना. मग खालच्या कोब्याला. मग म्हणालो, नवीन जागा आहे, रुळेल हळूहळू. आठ दिवस मी रोज मशीन रुळवत होतो आणि रोज मोटर ट्रिप होत होती. शेवटी बायको शेडमध्ये आली, पदरानं नाक दाबून पाटीपुढं वाकली आणि म्हणाली, "अहो, इथं अडुसष्ट लिहिलंय की."

"ते जुनं आहे."

"मशीन काय नवी आहे? माझ्या शिलाई मशीनला मी पातळच तेल घालते. जाड घातलं तर ती फिरायची नाही, एवढं मला न शिकता कळतं."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, असं काहीतरी पुटपुटत ती गेली. राग आला, पण कुणाचा, ते नीट ठरवता येईना.

आता अडुसष्ट आणायचं तर अशा गावाहून, जिथं माझा विद्यार्थी नाही. असं गाव जिल्ह्यात शोधणं सोपं नव्हतं. विचार करकरून मी शिर्डी ठरवली. तिथं हॉटेलं, हारवाले, प्रसादवाले. आमच्या ट्रेडचं कोण असणार? बायकोला म्हणालो, दर्शनाला जाऊ. इतक्या वर्षांत मी आपणहून दर्शनाचं नाव काढलं नव्हतं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

वाटेत शिंगणापूरचा फाटा लागला. गाड्या भरभरून लोक शनीला तेल घालायला चालले होते. मला त्या लोकांचा हेवा वाटला. आमच्या जिल्ह्यात देवाला तेल घालतात, त्याला कुणी नंबर विचारत नाही.

बायकोला दर्शनाच्या रांगेत उभं करून मी दुकान शोधलं. दुकानदारानं विचारलं, "अडुसष्ट? हॉटेलच्या लिफ्टला का?" मी हो म्हणालो. साईबाबांच्या दारात, भर दिवसा, केस पांढरे झालेला माणूस तेलासाठी खोटं बोलला. परत येताना डबा पिशवीत तळाला, त्यावर प्रसादाची पाकिटं आणि वर गुलाबाचा हार. बायकोनं पिशवी उचलून पाहिली आणि म्हणाली, "बाबांचा प्रसाद यंदा लई जड झालाय." तिला सगळं कळलं होतं. तिनं तेवढ्यावर सोडलं, हे तिचे उपकार.

घरी येऊन नव्वद काढलं, अडुसष्ट भरलं. मशीन चालू केली. कण्हणं कमी झालं, पण काच कोरडी ती कोरडीच. झाकण परत तापलं. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती आलं धुपाटणं. आणि खंडेनवमीला चार दिवस राहिलेले. ग्रुपवर पोरं विचारत होती, सर, किती वाजता यायचं? दारात पोरं उभी आहेत आणि त्यांचे सर बंद मशीनला हार घालतायत, हे चित्र मला जेवताना दिसायचं.

नाइलाजानं ऑइलवाल्याला फोन केला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "गिअरबॉक्सची कामं हल्ली चांगली कोण करतं रे?"

"तिसगावला एक आहे सर. पार लांबून लोक येतात त्याच्याकडं. आपल्याच आयटीआयचा होता म्हणे, पण मधेच सोडून गेला. आमच्या बॅचचा नाही."

मधेच सोडून गेला, हे ऐकून मला हायसं वाटलं. म्हणजे माझा विनोद त्याच्या लक्षात असायचा नाही. बघा, माणूस कुठल्या गोष्टीत समाधान मानतो.

तिसगावला पोचलो तो नेमका बाजाराचा दिवस. रस्त्याच्या दोन्ही अंगाला भाजीवाले, बांगड्यावाले, शेरडं घेऊन बसलेले लोक. बाजाराला लागूनच त्याचं वर्कशॉप. दाराशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पुढ्यात नटबोल्टांचा ढीग. बोटांनी चाचपून चाचपून नट एका डब्यात, वॉशर दुसऱ्यात टाकत होते. मी रामराम केला, त्यांना ऐकू गेला नाही.

आतला माणूस चाळिशी ओलांडलेला. मला बघून त्याच्या हातातला पाना थांबला. मग पुढं येऊन, तेलकट हात मागं धरून, नुसतं डोकं माझ्या पायाशी टेकवलं. मी ओळखलं नाही. ओळखल्यासारखं हसलो.

"माझ्या एका मित्रानं मिलिंग मशीन घेतलीय," मी सुरुवात केली. "वर तेलच चढत नाही."

"मित्रानं आधी नव्वद नंबर टाकलं हुतं का सर?"

मी चष्मा काढून पुसायला लागलो.

"मग आता अडुसष्ट टाकून बी चढायचं न्हाई. खाली पंपाच्या तोंडाला जाळी असती, तिच्यात ते जाड तेल अन् जुना गाळ धरून बसलेला असतो. जाळी काढायची, डिझेलनं धुवायची, सगळा बॉक्स धुऊन घ्यायचा अन् नवं अडुसष्ट भरायचं. मी येतो उद्या. मित्राचा पत्ता द्या."

"माझाच पत्ता आहे," मी म्हणालो.

"व्हय सर," तो म्हणाला. हसला नाही. त्यानं हसायला हवं होतं, मला सोपं गेलं असतं.

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "हे अडुसष्टचं तू कुठं शिकलास?"

"मामांकडं. त्यांची स्वतःची मिलिंग हुती इथंच. मी लहानपणापासून बघायचो, ते पातळच तेल घालायचे. तुमच्याकडं बी लिहिलं हुतं मी चाचणीत. तुमी वाचून दाखवलं हुतं."

वर्कशॉपमध्ये कुठंतरी कॉम्प्रेसर चालू होता, तो बंद झाला. मी स्टूल ओढून बसलो. विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं म्हणून विचारलं, "मग?"

त्यानं खाली बघत, हातातला पाना पुसत सांगितलं. त्या दिवशी तो घरी आला तो रागानं, पण राग माझा नव्हता. राग मामांचा. मामा चौथी शिकलेले. त्यांनी चुकीचं शिकवलं, म्हणून वर्ग हसला. त्यानं मामांना सांगितलं, सर म्हणतात नव्वद नंबर, जाड तेल. मामा म्हणाले, सर खोटं कशाला सांगतील, शिकवायचाच पगार हाय त्यांना. आणि मामांनी स्वतःच्या हातानं आपलं तेल काढलं आणि नव्वद भरलं.

"पंधरा दिवस चालली सर. वर तेल चढलंच न्हाई. ऐन कामात वरचा शाफ्ट जाम झाला, बुश जळाले, दाते तुटले. भंगारात गेली. मामा मग नगरला दुसऱ्याच्या कारखान्यात रोजानं जायला लागले. मी बी सोडली शाळा."

मला वाटलं, हा आता मला शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या. मीच म्हणालो, "तुझं उत्तर बरोबर होतं. मी चुकलो. लई चुकलो रे."

"माझं सोडा सर. माझं मला कवाच कळलं." तो दाराकडं बघत म्हणाला, "मामांना सांगा तेवढं. ते भाहीर बसलेत. त्यांना वाटतंय, त्यांनी इतकी वर्षं पातळ तेल घातलं म्हणून मशीन गेली. चांगलं तेल आलं पन लई उशिरा आलं, म्हनत्यात. मी किती येळा सांगितलं. म्हनत्यात, सरांपेक्षा तू शहाणा का?"

मी बाहेर गेलो. खुर्चीशेजारी वाकलो आणि हळूच, आजूबाजूला कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणालो, "मामा, मी आयटीआयचा सर. तुमचं तेल बरोबर होतं."

"आँ?"

"तुमचं तेल बरोबर होतं."

"आँ? वाईच मोठ्यानं बोला. कान गेल्यात माजं."

समोर भाजीवाली थांबून बघायला लागली. रस्त्यापलीकडं दोघं जण मोटरसायकलवर बसून माझ्याकडं टक लावून होते; एकानं हात जोडले, "नमस्कार सर!" माझाच विद्यार्थी, दुसरा कोण असणार? एवढे दिवस जे कुणाच्या कानावर जाऊ नये म्हणून मी शिर्डीपर्यंत पळालो, खोटं बोललो, प्रसादाखाली डबा लपवला, ते आता तिसगावच्या भर बाजारात. इथं ओरडलेलं संध्याकाळपर्यंत नगरला पोचणार. क्षणभर वाटलं, उद्या येऊ, बाजार नसताना. खरंच वाटलं, लपवत नाही.

मामा वर तोंड करून वाट बघत होते. हातात एक नट तसाच.

मी उभा राहिलो आणि वर्गात ओरडायचो त्या आवाजात ओरडलो, "मामा, अडुसष्ट नंबरच बरोबर होतं! पातळ तेलच बरोबर होतं! मी पोरांना चुकीचं शिकवलं!"

मामांचे ओठ हलले. मग त्यांनी सावकाश विचारलं, "म्हंजी माज्या तेलानं न्हाई गेली मशीन?"

"नाही मामा! माझ्यामुळं गेली!"

त्यांनी तो नट बघितला, डब्यात टाकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी मनगटानं पुसलं. मग कानामागं हात धरला आणि म्हणाले, "परत एकदा बोला सर. वाऱ्यानं नीट आयकू आलं न्हाई."

वारा नव्हता. त्यांना ऐकू आलं होतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मी परत ओरडलो, पहिल्यापेक्षा मोठ्यानं.